जानेतचे मरूद्यान आणि तासिलीची शैलचित्रे: तंबूतल्या मुक्कामाची तयारी

अल्जेरियाच्या आग्नेय टोकाला, लिबियाच्या सीमेजवळ जानेत हे मरूद्यान आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर, एरवी कोरड्या असणाऱ्या इजेरिऊ नदीच्या काठाने खजुरीच्या बागा पसरल्या आहेत. बागांच्या वरच्या उतारांवर अल मिहान, अझेल्लुआझ आणि अजाहिल ही दगडमातीची तीन जुनी गावे आहेत, आणि त्यांच्या मागे तासिली नाज्जेर या वालुकाश्माच्या पठाराचा काळपट कडा उभा आहे. वस्ती मुख्यतः केल अज्जेर शाखेच्या तुआरेग लोकांची. पठारावर आणि त्याच्या पायथ्याच्या खोऱ्यांत पंधरा हजारांहून अधिक प्रागैतिहासिक चित्रे व कोरीवकामे नोंदली गेली आहेत. या प्रदेशाला १९७२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा आणि १९८२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. संरक्षित क्षेत्र सुमारे ७२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून थोडेच कमी. त्यात पक्के रस्ते मोजके आहेत आणि जानेत सोडले तर हॉटेल जवळपास नाहीच. त्यामुळे शैलचित्रे पाहायची म्हणजे वाळूवर किंवा कातळावर मुक्काम करायचा, हे ठरलेलेच असते.

हा मुक्काम कुठे करावा हे समजण्यासाठी ही चित्रे इथे का आहेत ते आधी पाहावे लागते. सुमारे अकरा हजार ते पाच हजार वर्षांपूर्वीच्या काळात पृथ्वीच्या कक्षेतील व अक्षाच्या कलातील बदलांमुळे आफ्रिकेतला मोसमी पाऊस आजच्यापेक्षा खूप उत्तरेपर्यंत पोहोचत होता. सहारात तळी होती, गवताळ माळ होते, पाणघोडे आणि मगरी होत्या. पठाराच्या घळींत पाणी साठत असे आणि माणसे त्याच्या आसपास राहत. आधी शिकारी आणि कंदमुळे गोळा करणारे, पुढे गुरे राखणारे. पाऊस मागे हटला, माळाचे वाळवंट झाले, तरी ज्या खोलगट जागांत पाणी टिकून राहिले तिथे आजही माणूस आणि जनावर येते. मुक्कामाच्या सोयीच्या जागा, पाण्याच्या जागा आणि चित्रांच्या जागा इथे बहुधा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असतात. म्हणूनच बेफिकीर मुक्काम इथे जितके नुकसान करतो तितके मोकळ्या वाळवंटात करत नाही.

चित्रांचे कालखंड ढोबळपणे पाच मानले जातात. सर्वांत जुनी मानली जातात ती हत्ती, गेंडा, जिराफ आणि आता नामशेष झालेली लांब शिंगांची रानम्हैस यांची मोठी कोरीवकामे. त्यानंतर किंवा त्यांच्याच आगेमागे गोल, नाकडोळे नसलेल्या डोक्यांच्या आकृत्या येतात. त्या कधी माणसाहून मोठ्या असतात आणि हवेत तरंगल्यासारख्या दिसतात. मग सुमारे सात हजार वर्षांपूर्वीपासून गुराख्यांचा काळ सुरू होतो. रंगीबेरंगी गुरांचे कळप, झोपड्या, मुले, बैलांवर सामान लादून मुक्काम हलवणारी कुटुंबे असे जगणे त्या चित्रांत दिसते. शेजारच्या लिबियातील ताद्रार्त अकाकुस भागात सापडलेल्या खापरांत दुधाच्या स्निग्धांशाचे अवशेष मिळाल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा हे लोक गुरे नुसती रंगवत नव्हते, त्यांची धारही काढत होते, याला आता रसायनशास्त्राचाही आधार आहे. शेवटी घोडे व रथ, आणि सुमारे दोन हजार वर्षांपासून उंट. उंटांच्या चित्रांपाशी तुआरेगांच्या तिफिनाग लिपीतली अक्षरेही आढळतात. आधीच्या टप्प्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत आजही वाद आहे. वाटाड्याने छातीठोकपणे बारा हजार वर्षांचा आकडा सांगितला तर तो एक अंदाज समजून ऐकून घ्यावा.

या भागात स्वतंत्रपणे फिरता येत नाही. परवानाधारक स्थानिक संस्थेमार्फत सहल ठरवणे आणि सोबत वाटाड्या असणे बंधनकारक आहे. सीमेलगतच्या पट्ट्यांत सुरक्षा दलांची परवानगी लागते आणि काही ठिकाणी त्यांची सोबतही असू शकते. भारतीय पारपत्रधारकाला व्हिसा लागतो. दक्षिणेकडील वाळवंटात मान्यताप्राप्त संस्थेबरोबर जाणाऱ्या परदेशी पर्यटकांसाठी २०२३ पासून विमानतळावर पोहोचल्यावर व्हिसा देण्याची सोय सुरू झाली आहे. पण त्यासाठी संस्थेने आधीच मंजुरीपत्र मिळवून पाठवलेले असावे लागते, कारण ते हातात नसेल तर विमान कंपनी मुंबईतच अडवू शकते. निघण्यापूर्वी नवी दिल्लीतील अल्जेरियाच्या दूतावासाकडून त्या वेळचा नियम आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना तपासून घेणे हा खबरदारीचा किमान भाग होय.

मुंबईहून आखाती देश, इस्तंबूल किंवा कैरोमार्गे अल्जीअर्सला पोहोचावे लागते आणि तिथून देशांतर्गत विमानाने जानेतला. जमिनीवरून हे अंतर दोन हजार किलोमीटरहून अधिक आहे. देशांतर्गत उड्डाणे मोजकी असतात आणि वेळाही अडनिड्या असतात. ती चुकली तर अख्ख्या मोहिमेचे गणित कोलमडते, म्हणून अल्जीअर्समध्ये जाता-येता एकेक रात्र हाताशी ठेवणे शहाणपणाचे. सामान बांधताना एक गोष्ट विसरू नये: ड्रोन पूर्वपरवानगीशिवाय अल्जेरियात आणता येत नाही, आणि दुर्बीणसुद्धा सीमाशुल्क अधिकारी काढून घेतात. पक्षी पाहण्याची हौस असणाऱ्यांना हे जाचक वाटेल, पण विमानतळावर हुज्जत घालून उपयोग होत नाही. उपग्रह फोनलाही परवानगी लागते. तो स्थानिक संस्थेकडे असावा. पैशांच्या बाबतीत कार्डावर विसंबू नये, युरोच्या नोटा नेऊन तिथेच दिनारमध्ये बदलून घ्याव्यात. इंग्रजी फारशी चालत नाही. फ्रेंच, अरबी आणि तुआरेगांची तमाहक या तिथल्या भाषा. गटात एकाला कामचलाऊ फ्रेंच येत असेल तर पुष्कळ अडचणी मिटतात.

संस्था निवडताना दरापेक्षा काही साधे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. गाड्या किती? एकच असेल तर ती बिघडल्यावर काय करणार? माणशी रोज किती लिटर पाणी धरले आहे? उपग्रह फोन आहे का? तंबू आणि गाद्या कोणाच्या? शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होईल का? या प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत. चांगली संस्था ती आढेवेढे न घेता देते.

जाण्याचा काळ ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत. डिसेंबर-जानेवारीत दिवसा वीस अंशांच्या आसपास सुखद हवा असते, पण सूर्य मावळताच पारा झरझर उतरतो आणि पठारावर पहाटे तो शून्याखालीही जातो. मार्चपासून वाळूची वादळे वाढतात आणि उन्हाळ्यात तापमान चाळिशीच्या आसपास राहते. अल मिहान आणि अझेल्लुआझ या गावांमध्ये रंगणारा सेबीबा हा उत्सव युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१४ पासून आहे. तो मोहरमच्या दहाव्या दिवशी येतो आणि चांद्र कालगणनेमुळे सध्याच्या वर्षांत ऐन उन्हाळ्यात पडतो. उत्सव आणि शैलचित्रे एकाच फेरीत साधण्याचा मोह म्हणूनच टाळलेला बरा. उलट रमजान येती काही वर्षे थंडीच्या मोसमात येणार आहे. त्या महिन्यात चालक, वाटाडे आणि आचारी रोजा पाळून काम करतात. त्यामुळे दिवसाची चाल कमी ठेवावी लागते आणि दुपारच्या जेवणाची सोय गटाला स्वतः करावी लागते. जमत असेल तर तारखा पुढेमागे कराव्यात.

पाण्याचा हिशेब सगळ्यांत आधी करावा. हिवाळ्यातही चालणाऱ्या माणसाला दिवसाला तीन ते चार लिटर पिण्यासाठी लागतात. कोरड्या हवेत घाम जागच्या जागी उडून जातो, त्यामुळे तहान लागल्याचे उशिरा कळते. स्वयंपाक आणि तोंडहात धुणे धरून माणशी सहा लिटर हा सुरक्षित आकडा. आंघोळ या हिशेबात नाही, आणि ती नसावीच. जानेतहून निघताना गाडीवर पिंपे भरून घेतली जातात. लांबच्या मोहिमेत वाटेत विहिरी किंवा गेल्टा, म्हणजे खडकांच्या घळीत वर्षभर किंवा काही महिने टिकणारे नैसर्गिक डोह, यांवर अवलंबून राहावे लागते. त्यांचे पाणी दिसायला नितळ असले तरी उंट, शेळ्या आणि रानजनावरे तेच पितात. ते उकळून, गाळणीतून गाळून किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकूनच प्यावे. गेल्ट्यात उतरून आंघोळ, कपडे किंवा भांडी धुणे पूर्ण वर्ज्य समजावे. या डोहांना वाहता प्रवाह नसतो, साबणाचा फेस पुढच्या पावसापर्यंत तिथेच राहतो, आणि पुढचा पाऊस कदाचित वर्षभराने येतो. इहरीरच्या खोऱ्यातल्या अशाच डोहांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मगरी तग धरून होत्या. ते खोरे आज पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसार यादीत आहे.

मुक्कामाची जागा वाटाड्या ठरवतो, पण ती का निवडली हे प्रत्येकाला कळायला हवे. पहिला नियम नदीपात्राचा. कोरडे पात्र सपाट, मऊ वाळूचे, कडेला झाडाची सावली असलेले, म्हणजे तंबूला अगदी सोयीचे दिसते. पण दूर पठारावर पडलेल्या पावसाचा लोंढा आकाश निरभ्र असतानाही रात्री खाली येऊ शकतो. कातळावर माती नसल्यामुळे पाणी मुरत नाही, सगळेच्या सगळे घळीत उतरते. तंबू पात्राच्या बाहेर, काठापेक्षा उंचावर लावावा. दुसरा नियम वाऱ्याचा: टेकाडाच्या किंवा सुळक्याच्या आडोशाला, पण सुटे दगड घसरून येतील अशा कड्याच्या थेट खाली नाही. तिसरा नियम पाण्यापासून अंतर ठेवण्याचा. गेल्ट्यापासून निदान दोनशे मीटर दूर राहावे, कारण रात्री तिथे रानमेंढ्या, हरणे आणि कोल्हे पाण्यावर येतात. माणसांचा गोंगाट असला की ते तहानलेले परत जातात.

चौथा नियम खास या प्रदेशाचा आहे. खडकाखालचे आडोसे, जिथे छत पुढे आलेले असते, जमीन कोरडी आणि सपाट असते, वारा लागत नाही, ते रात्र काढायला तंबूपेक्षाही बरे वाटतात. चित्रे काढणाऱ्यांनाही ते तसेच वाटले होते. भिंतीवर काही दिसत नसले तरी अशा आडोशात झोपू नये, चूल तर मुळीच पेटवू नये. धुराची काजळी रंगावर बसते आणि मग ती काढता येत नाही. पायांनी उडालेली धूळ भिंतीच्या खालच्या भागावर थर धरते. शिवाय तिथल्या जमिनीत हजारो वर्षांच्या वस्तीची राख, हाडे आणि खापरे थरांनी साठलेली असतात. तंबूच्या खुंट्यांसाठी केलेला खड्डासुद्धा तो क्रम विस्कटतो.

चुलीबाबतही तेच. बाभळीच्या जातीची आणि झाऊची मोजकी झाडे हेच इथले सरपण, आणि ते उगवायला पिढी जाते. गॅसचा शेगडीसंच नेण्याबद्दल संस्थेला आधीच सांगावे. संध्याकाळच्या चहापुरती वाळकी काटकी पुरते. ओल्या फांदीला हात लावू नये. एसेन्दिलेनसारख्या घळींत पाण्याकाठी कण्हेर फोफावलेली दिसते. ती महाराष्ट्रातल्या कण्हेरीइतकीच विषारी आहे, म्हणून तिची काडी ना चुलीत, ना ढवळायला, ना भाजायला घ्यावी. पठारावरच्या तामरित भागात तारूत नावाचा सरू आहे. जगात फक्त इथेच नैसर्गिकरीत्या उरलेल्या या वृक्षाची जेमतेम सव्वादोनशे-अडीचशे झाडे शिल्लक आहेत आणि काही दोन हजार वर्षांहून वयस्कर मानली जातात. त्याचे पडलेले खोडही जागचे हलवू नये.

जेवणाची आबाळ होत नाही. तुआरेग आचारी रव्याचे पीठ मळून टागेला नावाची जाडसर रोटी थापतो, निखारे बाजूला सारून तापलेल्या वाळूत पुरतो आणि वरून पुन्हा निखारे ओढतो. आपल्याकडच्या रोडग्यांचाच हा भाऊबंद. भाजल्यावर वाळू झटकून, कुस्करून, त्यावर भाज्यांचा किंवा मांसाचा रस्सा ओततात. रस्सा मांसाशिवाय सहज होतो, फक्त ते पहिल्या दिवशी नव्हे, ठरवतानाच सांगावे लागते. डाळी, टोमॅटो, बटाटा, गाजर, खजूर मिळतात. हिरवी पालेभाजी विसरावी. मेतकूट, चटणी, खाकरे, सुका मेवा एवढे बरोबर असले की आठवडा निघतो. जेवणानंतरचा हिरवा चहा तीन फेऱ्यांत येतो, पहिला कडक आणि पुढचे अधिकाधिक गोड. तो घाईने आटपून उठणे असभ्य समजले जाते.

सामानात सर्वांत जास्त पैसे झोपण्याच्या पिशवीवर घालावेत. शून्य ते उणे पाच अंशांपर्यंत ऊब देणारी पिशवी आणि तिच्याखाली जाड चटई हवी, कारण थंडी जमिनीकडून येते. दिवसा सैल सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, रात्री लोकरीचे थर व टोपी. तुआरेगांची चार-पाच मीटर लांबीची चेश, म्हणजे डोके व तोंड झाकणारे फडके, जानेतच्या बाजारात विकत घेऊन बांधायला शिकून घ्यावी. वाळूच्या वादळात तिच्यासारखे दुसरे साधन नाही. घोट्याच्या वर येणारे, वापरून मऊ झालेले बूट, डोक्यावरचा दिवा, ओठांसाठी मलम, जलसंजीवनीची पाकिटे, कॅमेऱ्यासाठी झिप असलेल्या पिशव्या. विजेची सोय गाडीच्या बॅटरीपुरती, म्हणून पॉवर बँका दोन.

साप-विंचवांची भीती बाळगण्यापेक्षा सवयी पाळाव्यात. इथल्या जाड शेपटीच्या विंचवाचा दंश प्राणघातक ठरू शकतो, आणि शिंगवाला फुरसेवर्गीय साप वाळूत अंग पुरून पडून असतो. दगड उचलताना त्याची पलीकडची कड उचलून तो स्वतःकडे उलटावा. बूट रात्री तंबूच्या आत ठेवावेत आणि सकाळी झटकून घालावेत. अंधारात दिव्याशिवाय आणि अनवाणी दहा पावलेही चालू नये. थंडीच्या ऐन महिन्यांत हे जीव बरेचसे दडून असतात, ऑक्टोबर आणि मार्चमध्ये अधिक सावध राहावे. रुग्णालय जानेतमध्ये आहे. गंभीर दुखण्यासाठी विमानाने उत्तरेकडे न्यावे लागते, म्हणून हवाई वाहतुकीचा खर्च धरलेला विमा आवश्यक. रक्तदाब-मधुमेहाची औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवावीत.

शौचासाठी पाणी, आडोसे आणि वाट यांपासून दूर जाऊन वीतभर खड्डा करावा. कोरड्या हवेत कागद वर्षानुवर्षे कुजत नाही, तो पिशवीतून परत आणावा किंवा जपून जाळावा. ओले रुमाल जळतही नाहीत आणि कुजतही नाहीत, ते नेऊच नयेत हे उत्तम.

आता चित्रांकडे. जानेतच्या दक्षिणेला, गाडीने तासाभराच्या आत, तेघरघरतचा एकाकी खडक वाळूतून वर आला आहे. त्याच्या पायाशी खोल रेषांनी कोरलेली लांब शिंगांची गुरे आहेत आणि डोळ्याखाली थेंबासारखा आकार असल्यामुळे त्यांना ‘रडणाऱ्या गाई’ म्हणतात. पाण्याला आल्या, पाणी आटलेले पाहिले आणि रडल्या, असे तिथले लोक सांगतात. कोरणाऱ्याच्या मनात तेच होते का, हे कोणी सांगू शकत नाही, पण रेषेवरचा त्याचा ताबा वादातीत आहे. कोरीवकाम पाहण्याची वेळ सकाळची पहिली किंवा संध्याकाळची शेवटची. कोकणातल्या सड्यांवरची कातळशिल्पे पाहिलेल्यांना हे ठाऊक असते. डोक्यावरच्या उन्हात सगळे सपाट होते, तिरप्या उन्हात खाचेत सावली भरते आणि आकृती उठून दिसते. खडूने किंवा कोळशाने रेषा गिरवून फोटो काढण्याची जुनी खोड या खडकांनीही सोसली आहे.

रंगचित्रांचे तंत्र उलटे. ती लोहयुक्त तांबड्या-पिवळ्या मातीच्या आणि पांढऱ्या रंगांनी आडोशांत काढलेली असल्यामुळे त्यांना सावलीतला सम प्रकाश लागतो, झगझगाट नको. अशा चित्रांसमोर पाच मिनिटे स्वस्थ उभे राहिले की डोळे सरावतात आणि पहिल्या नजरेत न दिसलेल्या फिकट आकृत्या एकामागून एक दिसू लागतात. फ्लॅश वापरू नये, हात लावू नये, पाठीची पिशवी आडोशाबाहेर काढून ठेवावी, कारण वळताना तीच भिंतीला घासते. आणि पाणी कधीही मारू नये. फिकट रंग ओला केला की क्षणभर उजळतो हे खरे. फ्रेंच संशोधक आंरी लोत यांच्या पथकाने १९५६-५७ मध्ये इथल्या शेकडो चित्रांच्या नकला केल्या तेव्हा रंग स्पष्ट दिसावेत म्हणून भिंती सर्रास ओल्या केल्या गेल्या. त्याने वरचा थर विरघळून कायमची हानी झाली, आणि पुढच्या पर्यटकांनी बाटलीतले पाणी उडवून त्यात भर घातली. आज या खटाटोपाची गरजच उरलेली नाही. जॉन हार्मन यांनी शैलचित्रांसाठी तयार केलेली डीस्ट्रेच ही संगणकप्रणाली साध्या छायाचित्रातूनही डोळ्यांना न दिसणारे रंग वेगळे करून दाखवते. सम प्रकाशात, स्थिर हाताने, समोरून काढलेला फोटो तेवढा हवा.

लोत यांच्याबद्दल एवढे सांगणे भाग आहे की तासिली जगाला माहीत झाली ती त्यांच्यामुळे, आणि तिच्याभोवतीचा गोंधळही बराचसा त्यांच्यामुळेच. जब्बारेन येथील एका विशाल गोल डोक्याच्या आकृतीला त्यांनी ‘मंगळावरचा देव’ असे गमतीचे नाव दिले आणि परग्रहवासीयांच्या कथा रचणाऱ्यांनी ते खरेच मानले. पथकातल्या चित्रकारांनी थट्टेखातर रंगवलेल्या पक्षीमुखी स्त्रिया प्राचीन म्हणून प्रसिद्धही झाल्या. या जागा त्यांना दाखवणारा तुआरेग वाटाड्या जेब्रीन याचे नाव मात्र मागेच राहिले. योगायोग असा की त्याच सुमारास, १९५७ मध्ये, पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या चित्रांच्या आडोशांपर्यंत पोहोचले होते.

कोणती वाट निवडावी हे दिवस आणि गुडघे यांवर ठरवावे. जानेतच्या आग्नेयेला ताद्रार्त रूज, म्हणजे तांबडे ताद्रार्त, हा तांबड्या वाळूच्या टेकड्यांचा आणि दगडी कमानींचा प्रदेश आहे. तिथे गाडीने फिरून, रोज दोन-तीन तास चालून इन जरेनसारख्या खोऱ्यांतली चित्रे व कोरीवकामे पाहता येतात. एसेन्दिलेनची घळ आणि तिच्या टोकाचा गेल्टा जानेतहून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. तिथे एक रात्र पुरते. सेफार, तामरित, जब्बारेन ही चित्रांची खरी भांडारे मात्र पठारावर आहेत आणि वर गाडी जात नाही. सामान गाढवांवर चढते, माणसे तफिलालेतच्या खिंडीने दगडधोंड्यांतून चार-पाच तास चढतात. वर पोहोचल्यावर वालुकाश्माचे सुळके गल्लीबोळांसारखे पसरलेले असतात. सेफारच्या त्या बोळांत वाटाड्यापासून पन्नास पावले दूर गेलेला माणूसही हरवू शकतो. सुमारे तीन मीटर उंचीची ‘महादेवता’ म्हणून ओळखली जाणारी आकृती इथलीच. वरचे पाणी गेल्ट्यांचे, तेही त्या वर्षीच्या पावसावर अवलंबून. चालण्याचा सराव नसलेल्याने निदान दोन महिने आधीपासून पाठीवर ओझे घेऊन चढ-उताराचा सराव करावा. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर नियमित जाणाऱ्याला चाल जड जाणार नाही, कोरडी हवा मात्र जड जाते.

वाटेत वाळूवर बाणांची दगडी टोके, पाटे-वरवंटे, नक्षीची खापरे उघड्यावर पडलेली दिसतात. अल्जेरियाच्या १९९८ च्या सांस्कृतिक वारसा कायद्यानुसार ती उचलणे गुन्हा आहे. पाहावे, फोटो काढावा, जागच्या जागी ठेवावे. ज्या जागी ती पडली आहे ती जागाच अभ्यासकाच्या उपयोगाची असते. तुआरेग माणसांचे, विशेषतः स्त्रियांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि लष्करी ठाणी व विमानतळ यांचे कधीच नाही.

जानेतमध्ये पोहोचण्या-निघण्याचे दिवस सोडून हाती पाचच दिवस असतील तर पठाराचा हट्ट सोडावा. एक दुपार तेघरघरत, एक रात्र एसेन्दिलेन आणि उरलेला वेळ ताद्रार्त ही आखणी चांगली आणि दमछाक न करणारी. पठारासाठी चढण्या-उतरण्याचे दिवस धरून सहा ते सात दिवस वेगळे काढावेत. त्याहून कमी वेळात सेफार उरकता येते, पण मग चालण्यातच दिवस जातो आणि चित्रांसमोर उभे राहायला वेळ उरत नाही. पहिल्यांदाच वाळवंटात मुक्काम करणाऱ्याने, साठी ओलांडलेल्याने किंवा बारा वर्षांखालील मूल बरोबर असलेल्याने आधी ताद्रार्तला जावे, पठार दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवावे.